आशा इंग्रजीत कशी सांगावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिचोलीत मी संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेते. येणारे बहुतेक जण चौथीपर्यंत मराठीत शिकलेले आणि पाचवीत एकदम इंग्रजीत जाऊन पडलेले असतात. गोव्यातल्या कितीतरी घरांची हीच गोष्ट आहे. कुणी बोटीवर नोकरीला निघालेला असतो, कुणी कळंगुटच्या हॉटेलात नुकती लागलेली असते, कुणाची मुलं इंग्लंडात असतात. व्याकरण त्यांना पुस्तकात सापडतं. घोडं अडतं ते मनातलं सांगताना, आणि त्यातही सर्वांत जास्त 'होप' या एका शब्दाशी. दरवर्षी तेच प्रश्न नव्या तोंडून येतात, म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत.

'होप' म्हणजे आशाच ना? मग त्यात शिकायचं काय?

आशाच. पण मराठीत 'आशा' बरंच काही पोटात घेते. 'त्याला पैशाची भारी आशा' म्हटलं की तो लोभ झाला, 'तिची आशा सोडा' म्हटलं की डॉक्टरांनी हात टेकले. 'होप' त्यामानाने नेमका शब्द आहे. तो वापरायला तीन गोष्टी लागतात. ती गोष्ट आपल्याला हवी असली पाहिजे, ती घडणं शक्य असलं पाहिजे, आणि ती घडेल की नाही हे आपल्याला माहीत नसलं पाहिजे. यातली एक गळली की शब्द बदलतो.

वर्गात मी पावसाचं उदाहरण देते, कारण ते गोव्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मे महिना संपत आलाय, विहिरीचा तळ दिसतोय, अंगाला घामाच्या धारा लागल्यात. पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात यायला हवा, येईलही, पण नक्की कुणाला सांगता येतंय? तेव्हा म्हणायचं 'आय होप इट रेन्स सून.' आता जुलै घ्या. आकाश चार दिवस उघडलेलं नाही, छत्री दाराशीच टेकवलेली आहे. दुपारी पाऊस पडणार हे गृहीतच आहे. तिथे 'आय एक्स्पेक्ट इट विल रेन.' आणि डिसेंबरच्या कोरड्या दुपारी कुळागराकडे, म्हणजे माडा-पोफळींच्या बागेकडे बघून पाऊस पडायला हवा होता असं वाटलं, तर 'आय विश इट वुड रेन', कारण आत्ता तो पडणार नाही हे मनाला ठाऊक आहे. पाऊस एकच. फरक आहे तो आपण त्याच्यापासून किती लांब उभे आहोत याचा.

'एक्स्पेक्ट' म्हणजे अपेक्षा करणं. मग 'आमची अपेक्षा आहे' हे तसंच्या तसं का चालत नाही?

या प्रश्नाला मी सर्वांत जास्त वेळ देते, कारण याच्यामुळे घरात दुरावा आलेला मी पाहिला आहे.

माझ्या वर्गातल्या एका बाईंचा मुलगा इंग्लंडात असतो, सूनही तिथलीच. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सगळ्यांनी घरी यावं असं त्यांच्या मनात होतं. त्यांनी सुनेला स्वतः लिहिलं, 'आय एक्स्पेक्ट यू टू कम फॉर चवथ.' दोन आठवडे सुनेचं उत्तर नाही. शेवटी मुलाचा फोन आला, आणि तो जरा तुटकच बोलला. बाईंना कळेना आपलं काय चुकलं. त्यांच्या डोळ्यांसमोर गणपतीच्या वर बांधलेली फळाफुलांची माटोळी होती, नेवऱ्या होत्या, नातीला पहिल्यांदा गणपतीसमोर बसवायचं होतं. सुनेनं वाचलं ते मात्र फर्मान होतं: तुम्ही यायलाच हवं, नाही आलात तर मला ते चालणार नाही.

इंग्रजीत 'एक्स्पेक्ट'नंतर माणूस आला आणि पुढे काम आलं, की ती जबाबदारी लादणं होतं. मुख्याध्यापक मुलांना सांगतात, 'आय एक्स्पेक्ट यू टू बी ऑन टाइम.' साहेब हाताखालच्याला सांगतो. सासूनं सुनेला असं लिहिलं तर काय होणार? मराठीतल्या अपेक्षेलाही धार असते, पण आपण तिला आवाजानं आणि लाडानं मऊ करतो. कागदावर आवाज जात नाही.

बाईंना लिहायचं होतं ते असं: 'वी आर होपिंग यू कॅन कम होम फॉर चवथ.' यात 'कॅन' फार मोलाचा आहे. तुम्हाला जमलं तर, रजा मिळाली तर, तिकिटं परवडली तर, हे सगळं त्या एका शब्दात मावतं. समोरच्याला नाही म्हणायला जागा राहते. आणि जागा राहिली की माणूस बहुधा हो म्हणतो, असा माझा अनुभव आहे.

जाता जाता एक गंमत. 'अपेक्षा' शब्दात 'ईक्ष' आहे, म्हणजे पाहणं. 'एक्स्पेक्ट' ज्या लॅटिन शब्दातून आला, त्यातही पाहणंच आहे, बाहेर डोळे लावून बघणं. दोन्ही शब्द मुळात दारात उभे राहून वाट बघणारे. नंतर दोघांनाही अधिकाराची सवय लागली.

वाट बघणं आणि आशा करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का?

इंग्रजीत वेगळ्या आहेत: 'वेट' आणि 'होप'. पण गोव्यात ज्यांच्या घरी कुणी पोर्तुगीज शिकलेलं होतं, त्यांना हा प्रश्न वेगळाच दिसेल. पोर्तुगीजमध्ये 'एश्पेरार' हे एकच क्रियापद वाट बघण्यालाही आहे, आशा धरण्यालाही आणि अपेक्षा करण्यालाही. पोटुशी बाई त्या भाषेत 'आशेत' असते. इंग्रजीतही 'शी इज एक्स्पेक्टिंग' म्हणजे तिला दिवस गेलेत.

देवळात कौल लावून उजवी पाकळी पडायची वाट बघणाऱ्या माणसाचं वाट बघणं कुठे संपतं आणि आशा कुठे सुरू होते, हे मला अजून सांगता आलेलं नाही. तिथे मला पोर्तुगीज क्रियापद जास्त खरं वाटतं. इंग्रजीत लिहिताना मात्र निवड करावीच लागते. 'आय अ‍ॅम वेटिंग फॉर युवर रिप्लाय' लिहिलंत तर घड्याळाकडे बोट दाखवल्यासारखं होतं. 'आय होप टू हिअर फ्रॉम यू' लिहिलंत तर हात जोडल्यासारखं.

'आय होप इट रेन्स' की 'आय होप इट विल रेन'? बरोबर कोणतं?

दोन्ही बरोबर. बोलताना पहिलं जास्त ऐकू येतं. 'होप'च्या आत भविष्य आधीच आहे, त्यामुळे पुढचं क्रियापद साध्या वर्तमानकाळात ठेवलं तरी अर्थ उद्याचाच होतो.

जास्त महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. पुष्कळांना वाटतं 'होप' फक्त पुढच्या गोष्टींसाठी असतो. तसं नाही. तो न कळलेल्या गोष्टींसाठी असतो, मग त्या होऊन गेलेल्या का असेनात. भाची मडगावहून कोकण रेल्वेनं मुंबईला निघाली, गाडी सुटून तासभर झाला, फोन लागत नाही. 'आय होप शी कॉट द ट्रेन.' गाडी मिळाली की चुकली ते ठरून गेलं आहे, फक्त मला कळलेलं नाही. 'आय होप यू हॅड अ गुड जर्नी', 'आय होप आय डिड नॉट वेक यू', ही सगळी याच घरची वाक्यं. मराठीत आपण म्हणतो 'झोपमोड नाही ना केली?' इंग्रजी माणूस तीच काळजी आशेत गुंडाळतो.

उलट 'आय हॅड होप्ड टू मीट हिम' म्हटलंत की भेट झाली नाही हे त्यात येऊन गेलं. वेगळं सांगावं लागत नाही.

'आय डोन्ट होप सो' म्हणता येतं का?

नाही. 'आय होप नॉट' म्हणायचं. 'आय डोन्ट थिंक सो' असतं म्हणून ही चूक होते.

'विश' कुठे आणि कसा वापरायचा?

'विश' दोन अगदी उलट कामं करतो, म्हणून गोंधळ होतो. सणावारी तो शुभेच्छा देतो: 'आय विश यू अ हॅपी दिवाळी.' इथे मागून फक्त नाम येतं, वाक्य येत नाही. दुसरं काम हळहळीचं. 'आय विश आय न्यू पोर्चुगीज', म्हणजे मला पोर्तुगीज यायला हवं होतं, येत नाही. क्रियापद भूतकाळात गेलं, पण गोष्ट आजची आहे. मराठीतही तसंच आहे, 'आलं असतं तर' म्हणताना आपणही मागे सरकतो.

म्हणून 'आय विश यू पास द एक्झाम' लिहू नका. परीक्षा अजून व्हायची आहे, मूल पास होऊ शकतं. तिथे 'आय होप यू पास.'

'होपफुली' वापरणं चूक आहे असं आमच्या सरांनी सांगितलं होतं. खरं का?

सर त्यांच्या काळाप्रमाणे बरोबर होते. 'होपफुली' म्हणजे मुळात 'आशेनं': कुत्रं हाडाकडे होपफुली बघतं. विसाव्या शतकात, विशेषतः १९६० नंतर, लोक तो वाक्याच्या सुरुवातीला 'आशा आहे की' या अर्थानं सर्रास वापरू लागले आणि व्याकरणवाल्यांनी डोकं धरलं. आशा नेमकी कुणाची, हेच त्यात दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. अमेरिकेतल्या असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेनं २०१२ मध्ये हा वापर मान्य केला. तेव्हा बोलताना खुशाल वापरा.

सरांच्या आक्षेपात तथ्य मात्र आहे. 'होपफुली द रोड विल बी रिपेअर्ड' म्हणताना कुणी आशा करतंय आणि कुणी दुरुस्ती करायची, दोघंही गायब. पंचायतीला अर्ज करताना 'वी होप द पंचायत विल रिपेअर द रोड बिफोर द मॉन्सून' लिहा. आशा कुणाची आणि काम कुणाचं, दोन्ही कागदावर येतं.

ईमेलच्या सुरुवातीला 'आय होप धिस फाइंड्स यू वेल' लिहावं का? ते पोकळ वाटतं.

आपल्या आज्या पत्रात 'इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे' लिहायच्या. ते पोकळ होतं का? ठरलेलं वाक्य होतं, पण ते नसतं तर पत्र उघडंबोडकं वाटलं असतं. हेही तसंच आहे. अनोळखी माणसाच्या दारात शिरताना पायरीवर जरा थांबण्यासारखं.

फक्त आंधळेपणानं लिहू नका. ज्या घरात नुकतं कुणी गेलं आहे, तिथे हे वाक्य नको. ज्याच्याशी दिवसातून चार ईमेल होतात, त्यालाही नको. आणि 'होप यू आर डुइंग वेल' लिहा. 'डुइंग गुड' अमेरिकेत बोलताना चालतं, पत्रात खटकतं.

शेवटच्या ओळीत आपल्याकडे एक चूक नेहमी होते. 'आय लुक फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू' नव्हे, 'हिअरिंग फ्रॉम यू'. याचा अर्थ आशेपेक्षा एक पाऊल पुढचा आहे: उत्तर येणार हे धरलेलं आहे आणि त्याचा आनंद आधीच सुरू झाला आहे. जिथे उत्तराची खात्री नाही, तिथे 'आय होप टू हिअर' जास्त प्रामाणिक.

नोकरीच्या अर्जात 'होप' किती वेळा चालेल?

एकदा, तेही शेवटी. बोटीवर जाणारी मुलं 'आय होप आय कॅन डू धिस जॉब' लिहून आणतात. विनय म्हणून लिहितात, वाचणाऱ्याला शंका वाटते. स्वतःच्या हातातल्या गोष्टीला 'कॅन' आणि 'विल', दुसऱ्याच्या हातातल्या गोष्टीला 'होप'. 'आय कॅन रन अ किचन सेक्शन. आय होप यू विल गिव्ह मी अ चान्स टू शो इट.' बस्स.

आजारी माणसाला काय लिहावं? 'गेट वेल सून' पुरेल का?

ताप, मोडलेला हात, अपेंडिक्स: पुरेल, चांगलंच आहे. पण जे आजार बरे होणारे नाहीत, तिथे ते टोचतं. हे मी स्वतःच्या घरात शिकले.

माझे बाबा शेवटचे चार महिने अंथरुणावर होते. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन काय ते सांगितलं होतं. बाबांनाही कळलं होतं, कुणी न सांगता. परदेशातल्या नातेवाइकांचे निरोप यायचे, बहुतेक इंग्रजीत: लवकर बरे व्हा, पुढच्या वर्षी शिगम्याला भेटू. मी वाचून दाखवायची आणि ते खिडकीकडे बघायचे. निरोप पाठवणाऱ्यांचं प्रेम खोटं नव्हतं, पण त्यांनी मागितलेली गोष्ट बाबांना देता येण्यासारखी नव्हती. आणि ती देता येत नाही याचं त्यांना वाईट वाटायचं.

मग एकदा त्यांच्या एका जुन्या मित्राचा निरोप आला. 'आय होप टुडे वॉज अ लिटल ईझिअर दॅन येस्टर्डे.' आजचा दिवस कालच्यापेक्षा जरा सोपा गेला असेल अशी आशा. बाबांनी तो दोनदा वाचायला लावला. म्हणाले, 'लिही त्याला, होय, आज पेज गेली.'

तेव्हापासून मी वर्गात सांगते, आशा माणसाला पेलेल एवढीच द्या. 'आय होप द पेन इज लेस.' 'आय होप यू कॅन स्लीप टुनाइट.' 'आय होप यू हॅव समवन विथ यू.' इंग्रजीत 'फॉल्स होप' असा शब्द आहे, खोटी आशा. ती देणारा बहुतेक वेळा चांगल्या मनाचाच असतो. आणि 'देअर इज ऑल्वेज होप' हे वाक्य कुणाच्या उशाशी बसून बोलण्याआधी दहादा विचार करा. शुश्रूषा करणारी घरातली बाईसुद्धा विसरू नका. तिला कुणी काहीच लिहीत नाही. 'आय होप यू आर गेटिंग सम रेस्ट टू', एवढी ओळ तिला पुरते.

देवाला घातलेल्या गाऱ्हाण्यातलं 'होऊ दे', आशीर्वादातलं 'येवो', 'लाभो', हे इंग्रजीत कसं आणायचं?

त्यासाठी 'मे' आहे, आणि तो वाक्याच्या अगदी सुरुवातीला येतो. 'मे युवर फील्ड्स डू वेल.' 'मे शी लिव्ह लाँग.' पेडणे, सत्तरीकडे गाऱ्हाणं घालणारा एकेक मागणं मांडतो आणि सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात, तसं काहीसं गांभीर्य या 'मे'मध्ये आहे. म्हणून तो रोजच्या गप्पांत वापरत नाहीत. लग्न, बारसं, निरोप, श्रद्धांजली इथे शोभतो.

'होप' आणि 'मे' यांत फरक ऐकणाऱ्याचा आहे. 'आय होप' मी तुम्हाला सांगते. 'मे' म्हणताना तुम्ही समोर असता, पण मागणं दुसऱ्या कुणाकडे असतं. आपण गोव्यात कोंकणीत आभार मानतो ते 'देव बरें करूं' म्हणून. शब्दशः ते 'मे गॉड डू यू गुड' आहे. 'थँक यू' हे त्याचं भाषांतर म्हणून चालतं खरं, पण त्यातला देव आणि त्यातली आशा दोन्ही वाटेत सांडतात. परक्या पाहुण्याला मी पूर्ण अर्थ सांगते, आणि पाहुणा दर वेळी क्षणभर गप्प होतो.

नांगराचं चित्र आशेची खूण म्हणून का काढतात?

बायबलमध्ये आशेला जिवाचा नांगर म्हटलं आहे, म्हणून ख्रिस्ती परंपरेत जहाजाचा नांगर ही आशेची खूण झाली. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड या छोट्या समुद्रकाठच्या राज्याच्या मुद्रेवर १६६४ पासून नांगर आहे आणि शब्द एकच, 'होप'.

मराठीत या चित्राला आणखी एक अर्थ येतो, आणि तो इंग्रजीला मिळणं शक्य नाही. आपल्याकडे जमीन नांगरतो तोही नांगर आणि बोट थांबवतो तोही नांगर. खाजन शेतीच्या बांधावर उभं राहिलं तर एका बाजूला शेत आणि दुसऱ्या बाजूला खाडी, दोन्ही नांगर एका नजरेत येतात.

गोव्याचं आणि या शब्दाचं नातं तसं जुनं. कांदोळीचं चर्च 'नोसा सेन्योरा द एश्पेरांसा'चं आहे, आशेच्या मातेचं. कोंकणी ख्रिस्ती प्रार्थनेत श्रद्धा, आशा, प्रेम ही तिघं येतात तेव्हा आशेला 'भर्वंसो' म्हणतात, म्हणजे आपला भरवसा. शब्दाची ती निवड मला फार आवडते. आशा ही कल्पनेतली गोष्ट राहत नाही, कुणावर तरी टेकून उभी राहते. आणि लिस्बनहून गोव्याला येणारी जहाजं आफ्रिकेच्या ज्या टोकाला वळसा घालून येत, ते टोक म्हणजे 'केप ऑफ गुड होप'. पोर्तुगीज दर्यावर्दी बार्तोलोमेउ दियश १४८८ मध्ये तिथून गेला. त्याला आधी वादळांचं भूशिर म्हणत, पण पोर्तुगालच्या राजानं नाव बदलून आशेचं ठेवलं, कारण पलीकडे हिंदुस्थानची वाट उघडत होती, असं जुने पोर्तुगीज इतिहासकार सांगतात. ज्यांच्या किनाऱ्याला ती जहाजं लागली, त्यांना त्या आशेची किंमत मोजावी लागली, हेही गोव्यात बसून विसरता येत नाही.

रोजच्या बोलण्यातले कुठले वाक्प्रचार यायला हवेत?

थोडे पुरतात. 'फिंगर्स क्रॉस्ड' म्हणजे सगळं नीट होऊ दे, दोन बोटं एकमेकांवर ठेवून. मित्रांत म्हणा, मुलाखत घेणाऱ्याला नको. 'टच वुड' म्हणजे दृष्ट न लागो. अमेरिकेत तेच 'नॉक ऑन वुड' होतं. 'डोन्ट गेट युवर होप्स अप' म्हणजे एवढ्यात आशा लावून बसू नकोस. 'होप्स वेअर डॅश्ड' म्हणजे आशेवर पाणी पडलं.

'सिल्व्हर लायनिंग', काळ्या ढगाची रुपेरी कडा, ही कल्पना सतराव्या शतकातल्या इंग्रजी काव्यातून रूढ झाली. मराठी वर्तमानपत्रांनी ती केव्हाच आपली केली. पण दुःखात असलेल्या माणसाला ती दाखवायला जाऊ नका. ती त्याची त्यालाच दिसावी लागते. 'लाइट अ‍ॅट द एंड ऑफ द टनल' समजायला कोकण रेल्वेनं रत्नागिरीजवळचा करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा ओलांडावा. आत असताना किती राहिलंय ते कळत नाही, आणि मग एकदम हिरवं दिसतं.

'होप अगेन्स्ट होप' मात्र नीट समजून घ्या. सगळी चिन्हं उलट असताना, आशेला जागा नसताना धरलेली आशा. हा बायबलमधल्या अब्राहमच्या वर्णनातून आला आहे. समुद्रात गेलेली होडी तीन दिवस परतली नाही आणि घरची माणसं किनाऱ्यावर बसून आहेत, तिथे हा शब्द. क्रिकेटच्या निकालाला वापरू नये असं मला मनापासून वाटतं.

'होपफुल' आणि 'ऑप्टिमिस्टिक' एकच का?

बोलताना एकमेकांच्या जागी चालतात. मानसशास्त्रात फरक करतात. कॅन्सस विद्यापीठातले सी. आर. स्नायडर यांनी आशेचे दोन भाग सांगितले: जिथे जायचं तिथे आपण जाऊ शकतो ही जिद्द, आणि तिथे जाण्याच्या वाटा शोधता येणं. एक वाट बंद झाली तर दुसरी शोधणारा माणूस त्यांच्या भाषेत 'होपफुल'. नुसतं 'होईल सगळं नीट' म्हणणारा आशावादी. एक जुनं संस्कृत सुभाषित आशेला अजब साखळी म्हणतं: बांधलेले पळत सुटतात, सुटलेले पांगळ्यासारखे बसून राहतात. आणि संस्कृतात 'आशा' शब्दाचा दुसरा अर्थ दिशा असाही आहे. वाट, दिशा, पळणं. स्नायडर यांना ही जोडी आवडली असती असं वाटतं.

'होपलेस' आपण सहज म्हणतो. त्यात काय वाईट?

रस्ता होपलेस, नेटवर्क होपलेस, इथपर्यंत ठीक. 'आय अ‍ॅम होपलेस अ‍ॅट मॅथ्स' हेही इंग्रजीत हलकेच म्हणतात, स्वतःबद्दल. दुसऱ्या माणसाबद्दल, आणि त्यातून मुलाबद्दल, कधीही नको.

माझ्या वर्गात पंचेचाळिशीचे एक गृहस्थ आहेत. गॅरेज चालवतात, हात सोन्यासारखा. चौथीत पहिले होते. पाचवीत सगळे विषय इंग्रजीत आले, तीन महिने त्यांना काही कळेना, आणि एका शिक्षकांनी वर्गात त्यांना 'होपलेस केस' म्हटलं. शब्दाचा अर्थ त्यांना तेव्हा माहीत नव्हता. घरी येऊन थोरल्या भावाला विचारला. त्यानंतर चाळीशी उलटेपर्यंत त्यांनी इंग्रजीत तोंड उघडलं नाही. आता ते सगळ्यांआधी येऊन खुर्च्या मांडतात. त्यांना मी सर्वांत आधी शिकवलेलं वाक्य 'आय अ‍ॅम होपफुल' हे होतं, आणि ते त्यांनी मला तीनदा म्हणून दाखवलं.

शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. चौथीतून पाचवीत आलेल्या मुलाची बुद्धी कमी झालेली नसते, त्याची भाषा बदललेली असते. त्याच्या प्रगतिपुस्तकावर 'वी होप टू सी मोअर ऑफ हिज वर्क नेक्स्ट टर्म' एवढं लिहिलंत तरी ते मूल ते वाक्य कुणाकडून तरी समजून घेईल.

एकदा लिहिलं, उत्तर आलं नाही. पुन्हा कसं लिहावं?

आठवडाभर थांबून 'आय वॉज होपिंग यू माइट हॅव हॅड टाइम टू लुक अ‍ॅट माय लेटर.' 'वॉज' आणि 'माइट' या दोन्हींनी दार अलगद लोटल्यासारखं होतं, धक्का बसत नाही. तक्रार नको, आधीच्या तारखेचा उल्लेख एकदाच.

व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं सगळं कोण लिहितं? छोटं काही सांगा.

'आय' गाळा आणि 'होप'पासून सुरू करा. 'होप ऑल इज वेल.' 'होप यू रीच्ड.'

चवथीच्या त्या बाई आता असंच लिहितात. त्या वर्षी सून आली नाही, पुढच्या वर्षी आली. आता तिकडे दुसरं बाळ झालंय, रात्र रात्र जागवतं. बाई इथे सकाळी उठल्या की चहा ठेवायच्या आधी एक ओळ पाठवतात: 'होप द बेबी स्लेप्ट.' तिकडे तेव्हा मध्यरात्र असते. परवा त्यांनी वर्गात फोन पुढे केला आणि सुनेचं उत्तर मला वाचायला दिलं. 'शी डिड. होप यू स्लेप्ट टू, आई.' शेवटचा शब्द सुनेनं देवनागरीत लिहिला होता.